नानाकाका आणि माझी नवी गाडी

आमच्या नानाकाकांकडे पाहुणा आला की आधी त्याच्या गाडीची विचारपूस व्हायची, मग माणसाची. "हिला दम लागून राहिला, बॉनेट उघडा," म्हणत ते पाहुण्याला चपला काढायच्या आत फाटकाबाहेर परत न्यायचे. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटून आतला आवाज ऐकत राहायचे. तोवर घरात चहा निवून जाई.

फॅक्टरीत काका आठवडाभर टेबलाशी बसून कागदी काम करत. हात काळे करायला त्यांना रविवार लागे. काही बिघडलेलं नसलं तरी गाडी उघडायचीच. "बडा फुहाऱ्याला बाजाराला जायचं ठरलं की हे इंजिन पसरून बसतात," काकू करवादायची. काका हसून म्हणत, "आपल्या हातानं उघडता येत नसेल, तर ती गाडी आपली काहून म्हणायची?"

मी नवी गाडी घेतली ती मोठ्या हौसेनं आधी त्यांच्याकडेच नेली. बॉनेट उघडलं तर आत सगळं काळ्या प्लास्टिकखाली झाकलेलं. "अच्छा," एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी इंजिन पुसायच्या आधी, जन्माच्या सवयीनं, त्यांनी बॅटरीची तार काढली. परत जोडली तर गाडी बोंबलायला लागली, समोर लाल-पिवळे दिवे लागले आणि काही केल्या सुरू होईना. शेवटी ट्रकवर चढवून न्यावी लागली. ज्यांच्या गाड्या काकांनी वर्षानुवर्षं दुरुस्त केल्या, ते सगळे शेजारी आपापल्या दारात उभे होते. कुणी चकार शब्द काढला नाही. तेच काकांना फार लागलं.

वर्कशॉपमधल्या पोरानं गाडीला कॉम्प्युटर जोडला. काकांना राहवेना. "भैया, एक बार आवाज़ तो सुन लो."

"अंकलजी, अब ज़रूरत नहीं पड़ती," तो अदबीनं म्हणाला.

परतताना घराजवळ आल्यावर काका म्हणाले, "त्याचं चुकलं नाही गं. गाडी बोलून राहिली, पण माझ्याशी नाही."

त्यानंतर ते पाहुण्यांना गुडघेदुखी नि मुलांच्या परीक्षा विचारू लागले. चारचौघांसारखे झाले. मला ते मुळीच बघवत नसे.

यंदा माझी भोपाळला बदली झाली. सामान भरून झाल्यावर मी म्हटलं, "काका, निघायच्या आधी गाडी जरा बघता का?" मी थट्टा तर करत नाही ना, हे त्यांनी माझ्या चेहऱ्यावर तपासलं. मग बॉनेट उघडलं. आत हात घालता येईल असं एकच ठिकाण होतं, वायपरच्या पाण्याचं झाकण. स्वयंपाकघरातून तांब्या आणून त्यांनी सावकाश, काठोकाठ पाणी भरलं. बॉनेट लावलं आणि स्वच्छच असलेले हात फडक्याला पुसत म्हणाले, "चलो. माझ्याकडून गाडी ठीक आहे. आता जा."

भोपाळच्या वाटेवरचं शहपुरा येईपर्यंत मी लख्ख काचेवर उगीचच पाणी मारत राहिले.