नाव, गाव, आकडा

प्रेसच्या दारात सुमन उभी होती. चप्पल बाहेर काढावी की नाही हे तिला कळत नव्हतं. मी प्रूफ तपासत होतो. मान वर न करताच म्हणालो, "ये, ये. अंक पाहिलास? कसा वाटला?"

"पाह्यला भाऊ," ती म्हणाली. "अकोल्याच्या सायबायनंही पाह्यला."

मग तिनं हातातलं पाकीट पुढं केलं. आत समाजकल्याण ऑफिसचं पत्र होतं. 'आपली शिष्यवृत्ती बंद का करण्यात येऊ नये, याचा पंधरा दिवसांत खुलासा करावा.' आणि पत्राला टाचणीनं लावलेलं कात्रण. माझ्याच कॉलमचं.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, त्यामुळे कुठल्याही कागदासाठी अकोल्याची एसटी धरावी लागायची. वाशिमच्या एका साप्ताहिकात मी उपसंपादक होतो. म्हणजे बातमीदार मी, प्रूफरीडर मी, अंकाच्या गुंडाळीवर पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवणाराही मीच. पगार मात्र एकाचाच. माझा एक कॉलम होता, 'शिकणाऱ्याचा पैसा'. फीमाफीचा फॉर्म कुठं मिळतो, उत्पन्नाचा दाखला तहसिलीतून कसा काढायचा, पोस्टात खातं कसं उघडायचं, मेसचं बिल महिनाअखेरीस अंगावर येऊ नये म्हणून काय करावं, असलं सगळं मी त्यात लिहायचो. आता याला पर्सनल फायनान्स म्हणतात. आम्ही काहीच म्हणत नव्हतो. पण पोरं वाचायची, पत्रं पाठवायची, आणि मला वाटायचं की अर्धा तालुका माझ्यामुळेच शिकून राह्यला!

आमचे मालक-संपादक नाना. त्यांचा एक नियम होता. "'एक होतकरू विद्यार्थी' असं लिहिलं की लोक म्हणतात, पेपरवाल्यानं घरी बसून रचलं. मले नाव पाहिजे, गाव पाहिजे, आकडा पाहिजे." मला हा नियम पटायचा. आजही अर्धा पटतो.

सुमन आसेगावची. वडील संपतराव रोडच्या कामावर मजूर. बौद्ध वस्तीतलीच काय, अख्ख्या गावातली बी.एस्सी.ला गेलेली ही पहिली मुलगी. अकोल्याच्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. पुढं बी.एड. करायचं आणि हायस्कुलात सायन्स शिकवायचं, एवढं तिचं ठरलेलं. दिवाळीच्या सुटीत मी तिच्या घरी जाऊन मुलाखत घेतली होती.

इथं एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. शिष्यवृत्तीचे दोन दर असायचे. वसतिगृहात राहणाऱ्याला जास्त, घरून येणाऱ्याला कमी. सुमनचं नाव वसतिगृहाच्या यादीत होतं, पण तिथं खाट रिकामी नव्हती. रेक्टरबाई भल्या होत्या. म्हणाल्या, नाव राहू दे, खाट मिळेपर्यंत मावशीकडं राहा. खाट काही मिळाली नाही. पोरगी मावशीच्या एका खोलीत, चुलीशेजारी झोपायची, तिथंच अभ्यास करायची. जास्तीच्या दरातून मावशीला धान्य भरून द्यायची आणि उरलेले महिन्याला वीस रुपये पोस्टात टाकायची. बी.एड.च्या फीसाठी.

तिनं मला पासबुक दाखवलं. मी खूश! नाव मिळालं, गाव मिळालं, आकडा मिळाला.

निघताना तिनं विचारलं होतं, "भाऊ, हे मावशीचंबी लिवता का?"

"अगं, तीच तर खरी वाचण्यासारखी गोष्ट आहे," मी म्हणालो.

मोठ्या माणसाला दोनदा टोकायची तिला सवय नव्हती. आणि मला, शहाण्याला, ती का विचारते आहे हे विचारावंसं वाटलं नाही.

आता अंक अकोल्याच्या साहेबांपर्यंत कसा पोचला? कुणी चुगली केली नव्हती. सरकारी जाहिराती मिळाव्यात म्हणून आम्ही प्रत्येक सरकारी ऑफिसला अंक फुकट पाठवायचो. समाजकल्याणच्या पत्त्याची चिठ्ठी मीच चिकटवली होती.

सुमनला बाकावर बसवून मी पत्र घेऊन नानांकडं गेलो.

"पुढच्या अंकात दोन ओळी छापू," मी म्हणालो. "नजरचुकीनं मावशी छापलं, मुलगी वसतिगृहातच राहते."

नाना भडकले. "वा रे वा! आमी थापा मारतो, असं आमीच छापावं? मंग कोन वाचते तुहा कॉलम? अन् मुलगी राह्यते कुठं?"

"मावशीकडं."

"मंग खरं छापलं नं तू? खऱ्याचा खुलासा कायले?"

खरं सांगतो, मला आतून बरंच वाटलं. माझ्या कॉलममध्ये खोटं छापायचं माझ्याही जिवावर आलं होतं. नानांनी नाही म्हटलं म्हणून माझं 'नाही' झाकलं गेलं. मी बाहेर येऊन सुमनला म्हणालो, "काळजी करू नको. मी स्वतः ऑफिसला पत्र लिहितो."

"काय लिवता भाऊ?"

"जे खरं आहे ते. अधिकारीही माणूसच आहे ना."

ती एसटी पकडायला गेली.

पत्र मी दोन फुलस्केप भरून लिहिलं. खाट कशी मिळाली नाही, मावशीची खोली केवढी, पोरगी कंदिलापाशी पुस्तक कसं धरते, वीस रुपये कशासाठी ठेवते. एकही ओळ खोटी नव्हती. खिळे जुळवणाऱ्या आमच्या कंपोझिटरला वाचून दाखवलं तर त्याचे डोळे भरून आले. मी स्वतःवर फार खूश झालो. खाली झोकात सही ठोकली, 'उपसंपादक' असा शिक्का मारला आणि रजिस्टर पोस्टानं पाठवून दिलं.

आठ-दहा दिवसांनी काय झालं ते पाहायला अकोल्याला गेलो. हेडक्लार्क पन्नाशीचे, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेले. त्यांनी फाईल काढली.

"हे अक्षर तुमचंच?"

"हो."

"सही?"

"माझीच."

"मंग मिटलं सारं."

मला वाटलं, काम झालं. मी हात जोडले.

"अवो, हात काय जोडता?" ते म्हणाले. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "पेपरात काय, काईबी छापून येते. पेपरवाल्याच्या लिवण्यावर कोणाची शिष्यवृत्ती बंद होते का? नोटीस काढा लागते म्हणून काढली. रेक्टरबाईचं दोन ओळीचं पत्र आलं असतं, मुलगी यादीत हाये म्हणून, तं मी कात्रण फायलीत लावून फाईल बंद करत होतो. तसा त्यायले निरोपबी धाडला होता. अन् तुमी काय केलं? दोन पानं लेखी देल्ले. सहीशिक्क्यानिशी. आता साहेब मले विचारते, याचं काय करता?"

मी टेबलावर वाकलो. "ते पत्र मला परत द्या."

"इनवर्ड झालं," ते म्हणाले.

इनवर्ड म्हणजे आलेल्या कागदाची रजिस्टरमध्ये नोंद. एकदा नंबर पडला की तो कागद सरकारचा. फाडता येत नाही, परत देता येत नाही, आलाच नाही असंही म्हणता येत नाही. मी तरी दोनदा विनवलं. त्यांनी रजिस्टर उघडून नंबर दाखवला. हेडक्लार्क वाईट माणूस नव्हते, हेच मला जास्त लागलं. चिडायला समोर कुणी नव्हतं.

महिन्याभरात ऑर्डर निघाली. शिष्यवृत्ती बंद, दोन वर्षांच्या दरातला फरक वसूल. रेक्टरबाईंनाही मेमो मिळाला. सुमनच्या पासबुकातले सगळे पैसे त्या वसुलीत गेले. ज्या काटकसरीचं मी तीन कॉलमी कौतुक केलं होतं, ती सगळी सरकारजमा झाली. परीक्षेची फी भरायची तारीख आली आणि गेली. सुमन गावी परत आली.

मी पगाराचं पाकीट न फोडता खिशात घातलं आणि आसेगावला गेलो. कापूस वेचणीचे दिवस होते. संपतराव अंगणात बसले होते. मला पाहून लगबगीनं उठले.

"जयभीम साहेब! या, या. बसा."

घरात बुद्धाच्या तसबिरीखाली पुठ्ठ्यावर चिकटवलेलं माझं कात्रण होतं. संपतरावांना वाचता येत नव्हतं, पण सुमनचं नाव कुठं आहे तिथं त्यांनी नेमकं बोट ठेवलं.

"ऑफिसच्या लोकायनं खाल्लं माह्या पोरीचं," ते म्हणाले. "गरिबाची पोट्टी शिकलेली पाह्यवली नाई त्यायले. पण तुमी नाव केलं साहेब तिचं. येईल जाईल त्याले दाखवतो मी. आता कागद पिवळा पडून राह्यला. एखादी नवी प्रत असंन तर धाडा ना."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात सुमन चहा घेऊन आली. वेचणीनं तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. "चहा घ्या भाऊ," ती म्हणाली, आणि कपासकट माझ्यासमोर तशीच उभी राहिली. मी तोंड मिटलं.

एसटीच्या थांब्यापर्यंत ती सोबत आली. मी पाकीट पुढं केलं.

"राहू द्या. कायचे पैसे म्हणून सांगू बाबाले?"

"मी सांगतो त्यांना. सगळं सांगतो. चूक माझी आहे."

"नोका सांगू."

"तुला माझा राग नाही?"

"हाये न!" ती एकदम मोठ्यानं म्हणाली. थांब्यावरची दोन माणसं वळून पाहायला लागली. मग तिनं आवाज खाली आणला. "लय हाये भाऊ. पण बाबाजवळ आता तेवढाच कागद राह्यला. तोबी घेऊन जाता का?"

एसटी आली. मी चढलो. मागं वळून पाहायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर कॉलम बरीच वर्षं चालला. नाव आणि गाव मी कायमचं काढून टाकलं. नाना कुरकुरले, खप थोडा उतरला, उतरू दिला. कुणी मुलाखतीत 'हेबी लिवता का' असं विचारलं की मी पेन खाली ठेवतो आणि आधी विचारतो, का बरं? नव्या बातमीदारांनाही एवढंच सांगतो. लिहिलेलं खरं आहे की नाही हे तर बघाच, पण ते कुणाच्या टेबलावर जाऊन पडणार आहे तेही बघा. आणि आपण चांगलं लिहिलं म्हणून स्वतःवर खूश झालात, तर ते पत्र एक दिवस तरी पोस्टात टाकू नका.

संपतरावांनी मागितलेली प्रत मी त्या दिवशी परत आल्यावर शोधली. प्रेसमध्ये एकच उरली होती. गुंडाळी केली आणि आसेगावच्या पत्त्याची चिठ्ठी माझ्या हातानं चिकटवली.