कौसाबाईची तूर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

देवगाव रंगारीजवळच्या एका उजाड टेकडीवर पुन्हा रान उभं करायचं काम माझ्याकडं होतं. आम्ही चंदन लावलं होतं. त्याला फळं धरली की बुलबुल येतील, बिया टाकत फिरतील, पुढचं रान तेच लावतील — असं मीच सगळ्यांना समजावून सांगायचो. केवढं कळत होतं मला, नाही?

रोपांची देखभाल कौसाबाई करायची. गावातलीच, पन्नाशीची. डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढायची. तिनं प्रत्येक चंदनाशेजारी तूर टोकली होती. वरिष्ठ पाहणीला येणार म्हटल्यावर ती तूर माझ्या डोळ्यांत खुपायला लागली — हे रान कुठं, हे तर शेत वाटतंय. उपटा म्हणालो.

"नका सायेब," ती म्हणाली. "चंदन एकटं जगत नाय. दुसऱ्याच्या मुळाला धरून ऱ्हातंय ते. माझा बाप सांगायचा."

मी हसलो. माणसं लावून सगळी तूर उपटून घेतली.

उन्हाळ्याआधीच रोपं पिवळी पडली, मग वाळली. तेव्हा कुठं मी पुस्तक उघडलं. चंदनाची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांतून पोषण ओढतात — तिच्या बापाचंच म्हणणं. तेव्हा तरी बोलायचं ना? पण रोपं का मेली ते लिहून द्यायचं होतं, आणि — मी लिहिलं. देखभाल करणाऱ्या बाईनं पाणी दिलं नाही. खाली माझी सही.

तिला काढून टाकलं. सगळ्या गावासमोर.

याला नऊ वर्षं झाली. परवा गुलमंडीच्या बाजारात ती नातीसाठी कापड घेताना दिसली. मी मान वळवली, पण तिनंच हाक मारली.

"माझ्याच हाताला यश नव्हतं बगा, सायेब. पाणी घातलं व्हतं, पण कमीच पडलं असंल. तवापासून म्या काय बी लावलं नाय. परसात वालाचा येल बी नाय."

ती हातभर अंतरावर होती. एक वाक्य पुरलं असतं. आणि मी काय म्हणालो?

"जाऊ द्या, कौसाबाई. होतं असं कधी कधी."

माफ केल्यासारखं. आणि तिनं — तिनं मला हात जोडले.