फुईचा सुधारलेला सूर

माझ्या फुईचं कानबाईचं गाणं मी बिघडवलं. मुद्दाम नाही, चांगलं करायला गेले आणि हे करून बसले. फुईशिवाय घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही, कारण घरातले सगळे मला शाबासकी देऊन मोकळे झाले आहेत.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. राहते धुळ्याच्या पुढच्या एका खेड्यात. श्रावणात कानबाई, आमची खान्देशातली देवी, घरोघरी बसते तेव्हा गल्लीत गाणं ती उचलते आणि बाकीच्या बाया मागून म्हणतात. ही गाणी कुठे लिहिलेली नाहीत. तिच्या आईने म्हटली, तिने ऐकली, झालं. तिच्या सुनांना गळा आहे पण गाण्याचा कंटाळा, आणि मला गाण्याची हौस आहे पण गळा नाही. फुईची सत्तरी उलटल्यावर मला धास्ती वाटायला लागली. म्हटलं, निदान रेकॉर्ड करून ठेवू.

तसं माझं कामच ते. जळगावात पिंप्राळ्यात राहते, मागच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक माइक, एक जुना लॅपटॉप आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना टांगलेल्या गोधड्या. शाळांच्या गॅदरिंगची गाणी, साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती, निवडणूक आली की उमेदवारांची गाणी. गाणारे बहुतेक बेसूर असतात आणि तसं त्यांना तोंडावर सांगायची सोय नसते. त्यासाठी प्लगइन असतात, कॉम्प्युटरमध्ये आवाजाला जोडायची छोटी यंत्रंच म्हणा. त्यांच्याबरोबर प्रीसेट येतात. कुठल्यातरी दूरदेशीच्या माणसाने सगळी बटणं आधीच जुळवून, वर नाव देऊन ठेवलेली असतात. आपण नाव निवडायचं, आवाज तयार. सूर सुधारायच्या अशाच एका प्रीसेटमध्ये मी थोडं इकडेतिकडे करून माझा स्वतःचा प्रीसेट बनवला होता. उमेदवारापासून बालवाडीच्या बाईंपर्यंत सगळ्यांना तोच लावायचे. माझा त्याच्यावर फार जीव होता.

फुई वैशाखात आली, पारोळा, एरंडोल करत एसटीने. रेकॉर्डिंग करताना पंखा बंद, कूलर बंद, कारण माइकला सगळं ऐकू येतं. जळगावच्या उन्हात ती बंद खोली म्हणजे शिक्षाच होती. "पंखा लाव वं पोरी, जीव जाई मना," असं ती दर गाण्यानंतर म्हणायची आणि मी "एकच गानं ऱ्हायनं फुई" म्हणत तिच्याकडून आणखी दोन म्हणून घ्यायचे. ओला टॉवेल डोक्यावर ठेवून तिने अकरा गाणी म्हटली.

ती गेल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि प्रीसेट लावला. विचार वगैरे काही केला नाही, हात सवयीने तिकडे गेला. ऐकलं, आणि खोटं कशाला बोलू, मला आवडलं. सूर कसा स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारखा. लॅपटॉपमध्ये जागा नव्हती, म्हणून सुधारलेल्या फायली ठेवल्या आणि मूळच्या उडवल्या. हेही सवयीनेच. उमेदवाराचा मूळ आवाज जपून ठेवून कुणाला काय करायचंय?

गाणी फुईच्या सुनेच्या फोनवर पाठवली. तासाभरात फुईचा फोन. "हाऊ मना आवाज शे? कितला गोड लागस!" स्वतःचाच आवाज इतका गोड लागल्याचा तिचा आनंद ऐकून मी दिवसभर हवेत होते.

श्रावणात मी गावाला गेले. सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला निघाली. फुई पुढे, बाया मागे, आणि निरोपाचं गाणं सुरू झालं. त्याच्या शेवटच्या ओळीत 'माय' असा शब्द येतो. तिथे फुईचा आवाज खाली उतरायला निघतो आणि खालच्या सुरापर्यंत पोचतच नाही, मध्येच रेंगाळतो. लेकीला एसटीत बसवून परतणारी आई स्टँडच्या फाटकाशी उगाच थांबते, तसा. पेटीवर शोधायला गेलं तर दोन पट्ट्यांच्या मधे, म्हणजे पेटीवर नाहीच. त्या जागेला दरवर्षी माझे डोळे भरून यायचे. कानबाई चालली म्हणून भरतात, असं मी समजत होते.

त्या सकाळी 'माय' आलं आणि सरळ खाली जाऊन बसलं. फुईचंही आणि मागच्या वीसेक बायांचंही. माझे डोळे कोरडे. आधी वाटलं, फुई दमली असेल. मग नदीवरून परतताना तिची सून कौतुकाने सांगायला लागली, "बठ्ठ्या बाया दुपारले तुमनं रेकॉर्डिंग लाईसन म्हनतस, ताई." रेकॉर्डिंग लावून सगळ्या त्याच्याबरोबर म्हणतात, आणि फुई स्वतःही फोन कानाशी धरून बसते म्हणे. घरी फुई प्रसादाचे रोट आग्रह करून वाढत राहिली आणि मी परतीच्या एसटीची वेळ बघत राहिले.

पिंप्राळ्याला आल्याआल्या लॅपटॉप उघडला. 'माय' शोधून काढलं. माझ्या प्रीसेटला तो मधला सूर चूक वाटला होता, त्याने तो उचलून शेजारच्या सुरावर नेऊन ठेवला होता. त्याची काही चूक नाही, मीच त्याला तसं शिकवलं होतं. मग मी उलट्या खटपटीला लागले. प्रीसेटचा सूर सुधारायचा वेग कमी केला, आणखी कमी केला, आवाज हाताने ओढून मधे आणून पाहिला. नुसता रडका झाला. प्लगइनमध्ये 'माणूसपणा' वाढवायचंही एक बटण असतं. आधी माणूसपणा काढायचा आणि मग बटणाने मोजून घालायचा! तेही शेवटपर्यंत फिरवलं. पोळी भाजून झाल्यावर मी कणकेत मीठ घालायला निघाले होते.

उडवलेल्या फायली परत मिळवून देणाऱ्या एका माणसाकडे लॅपटॉप नेला. त्याने आठवडाभर ठेवून घेतला आणि हाती दिली ती साड्यांच्या भव्य सेलची अर्धी जाहिरात. घरातल्या सगळ्यांचे जुने फोन मागून पाहिले. कानबाईचे व्हिडिओ होते, पण सगळ्यांत वाजंत्री पुढे आणि बाया मागे, गाणं त्यात पार बुडालेलं. चिडचिड कुणावर करायची तेही कळेना. नवऱ्यावर करून पाहिली, उपयोग झाला नाही.

एकच आशा उरली होती, खुद्द फुई. गळा तोच, माणूस तेच. दिवाळीनंतर तिला पुन्हा बोलावून घेतलं. या वेळी एकही प्लगइन लावला नाही. नुसता माइक, नुसती फुई. म्हटलं, पहिल्यासारखं म्हण.

तिने म्हटलं. 'माय' सरळ खाली जाऊन बसलं.

"फुई, पहिले कशी म्हनत व्हती तू? तशी म्हन."

ती ओशाळली. पदराने तोंड पुसलं आणि अपराध्यासारखी म्हणाली, "पन्नास वरीस मी चुकीनं म्हनत व्हती वं. कोनी माले सांगं नही. तुना कॉम्प्युटरनी सांगं. ऐकी ऐकीसन सुधारी लिधं मी."

"चुकीनं नव्हतं, फुई. तेच बरोबर व्हतं."

"तू मनं मन राखाले सांगस."

मी शपथा घातल्या. माझा प्रीसेट कसा चुकला ते समजावून सांगितलं, हात जोडले. ती मायेने हसत होती. एवढी शिकलेली भाची आपल्याला वाईट वाटू नये म्हणून धडपडते आहे, असंच तिला दिसत होतं. तरी माझ्यासाठी तिने तीनदा म्हणून पाहिलं. तिन्ही वेळा सूर नीट, स्वच्छ. जुना सूर तिच्या गळ्यात कुठे होता तेच तिला आठवेना. शेवटी तीही वैतागली.

"तूच म्हनी दाखाड, कसं व्हतं ते," म्हणाली.

मला तो सूर आत ऐकू येत होता. पुसट, पण येत होता. चाळीस वर्षं ऐकलेला. मी गोधड्यांच्या त्या खोलीत फुईसमोर उभी राहिले, डोळे मिटले आणि 'माय' म्हटलं. आवाज खाली उतरायला निघाला आणि कुठेही न थांबता, सरळ, खालच्या सुरावर जाऊन बसला.

फुईने माझ्या पाठीवर हात ठेवला. "हा, आसंच," ती म्हणाली. "आते तुलेबी जमनं."