संघप्रियाचा लॅपटॉप आणि भाऊसोचं भ्या

भाऊसो माझा धाकटा भाऊ. मी त्याची आक्का. शिरोलीत आमची दारं एकमेकाला लागून हायत, त्यामुळं त्याच्या घरात काय शिजतंय त्याचा वास मला आधी येतो. एमआयडीसीतल्या फौंड्रीत मोल्डर म्हणून त्याचं आयुष्य गेलं. लोखंडाचा तापल्याला रस साच्यात वतताना ह्याचा हात कधी हलला न्हाय, असं बरोबरची माणसं सांगत्यात. आणि घरात? दारात पोस्टमन आला तरी ह्यो मागल्या दारानं माझ्याकडं. "आक्के, बघ की गं काय हाय." भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणत्यात. आम्ही बुद्धाची माणसं, राक्षस मानत न्हाय, पण ह्याच्यामागं एक तरी लागलेलाच असायचा.

उगंच भीत न्हवता, ते बी खरं. बायकोला, शेवंताला, ताप आला तवा दवाखान्यातनं सांगितलं, सकाळी आणा. ह्यानं ऐकलं. सकाळ तिनं बघितलीच न्हाय. संघप्रिया तवा रांगत हुती. तवापासनं ह्यातलं का त्यातलं, असा सवाल आला की भाऊसो मागलं दार गाठायचा.

संघप्रिया इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला गेली ते साल दोन हजार आठ. ह्यानं तिला लॅपटॉप घेतला. आमच्या गल्लीत पहिलाच! मीबी गेल्ते दुकानात. दुकानदार म्हणाला, "काका, ह्यात सिस्टीम न्हाय. विंडोज टाकून देऊ?" सिस्टीम म्हंजे काय, तर मशीन चालवायला आत एक कारभारी लागतो म्हणं. विंडोज विकतचा कारभारी, लिनक्स फुकटचा. पोरगी फटदिशी म्हणाली, "नको. मी लिनक्स टाकती. कॉलेजात त्येच्यावरच शिकलोय आम्ही."

फुकट म्हटल्याबरोबर भाऊसोचं तोंड उतरलं. का, ते मला ठाऊक. ल्हानपणी नेसरीला असताना लोकांच्या घरची उतरल्याली कापडं आमच्याकडं यायची. असाच एक शर्ट घालून भाऊसो शाळेत गेला. ज्याचा शर्ट, ते पोरगं त्याच वर्गात. "माझा हाय, काढ," म्हणालं, आणि सगळ्या वर्गाम्होरं काढून घेतला की वो! उघडा घरी आलं माझं भावंड. फुकटचं कुणीबी, कवाबी काढून घेतंय, हे त्याच्या डोक्यात बसलं ते कायमचं.

वाटंत त्यानं पोरीला विचारलंबी, "बाळ, मागनं कोण परत मागायचं न्हाय न्हवं?"

ती हसली. "आप्पा, ते कुणा एकाचं न्हायच. कोण मागणार?"

झालं. पोरगी कामाला लागली. पंचगंगेला पूर आला की कुठला रस्ता कवा पाण्याखाली जाणार, ते आधी सांगणारा प्रोग्राम ती करत हुती. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. तो बाहेरच्या परीक्षकाला दाखवायचा, तवा पास. त्याशिवाय डिग्री न्हाय. महिनोन्‌महिने पोरीनं त्या मशीनीतनं मान वर काढली न्हाय.

इकडं फौंड्रीत एक सुपरवायझर, बंडू देसाई. त्याचा पोरगा पुण्याला कंपनीत. डबा खाताना भाऊसोनं त्याला लिनक्सचं विचारलं. तो म्हणाला, "लिनक्स? अरं, कंपनीत सगळं विंडोजवर चालतंय. परीक्षक ते फुकटचं बघूनच पोरीला बाजूला बसवंल." सुपरवायझरला काय डोंबल कळतंय? पण भाऊसोची पाचावर धारण बसली. जेवण जाईना. मला म्हणाला, "आक्के, तिला वर्गातनं उठवलं तर?" मी म्हटलं, "खुळा हायस का? पोरीला विचार की." तो उठून गेला.

परीक्षा आठवड्यावर आली. पोरगी मैत्रिणीकडं, अक्षताकडं, अभ्यासाला गेल्ती. ह्यानं लॅपटॉप पिशवीत घातला आणि गेला दुकानात.

दुपारी आला तो खुशीत. लॅपटॉप उघडून दावला. हिरवीगार टेकडी, वर निळं आभाळ. "विंडोज घातलं बघ. आता कुणाची टाप न्हाय तिला उठवायची." मलाबी चित्र आवडलं. पन्हाळ्याकडचा माळ हाय का म्हटलं. मग सहज विचारलं, "आणि तिचं ते पुराचं कुठं हाय?"

"असंल की आत."

"आत म्हंजे कुठं? दाव."

त्यानं हिकडं दाबलं, तिकडं दाबलं. त्या टेकडीशिवाय काय निघंना.

"दुकानदार काय म्हणाला तुला?"

"म्हणाला, जुनं सगळं मोडून नवं घालावं लागंल. मारू का फॉरमॅट? मी म्हटलं, मारा की."

आता त्याचं कसं झालं, बघा. फौंड्रीत लाकडाचा पॅटर्न, म्हंजे नमुना, वाळूत दाबून साचा करत्यात. रस वतला, गार झाला, की वाळू फोडून टाकायची. साचा रोज मोडतो, पण पॅटर्न फळीवर तसाच. दुसऱ्या दिवशी पुन्ना नवी वाळू. जलमभर त्यानं हेच केल्यालं. मोडून नवं घालायचं म्हटल्यावर त्याला वाटलं, मोडणार ती वाळू. पोरीचं काम म्हंजे पॅटर्न, ते कसं मोडंल? पण मशीनीत तसं नसतंय, हे त्याला कुणी सांगावं?

तसाच पायात चप्पल न घालता पळाला दुकानात. परत आला तवा त्याच्याकडं बघवंना. "न्हाय निघत म्हणतोय दुकानदार. काका, मी विचारलं हुतं की, म्हणतोय." आणि भिंतीला टेकून खाली बसला. "आक्के, मीच काढून घेतलं गं तिचं. मीच."

मी पडले तोंडाळ. म्हटलं, "रडू नगंस. आपुआप बिघडलं म्हणून सांग. न्हायतर घाल दुकानदाराच्या नावावर." त्यानं मान हलवली. पोरगी येईस्तवर तो दाराकडं तोंड करून बसला. रस्त्यावर कुणाची चप्पल वाजली तरी दचकायचा. इतका भ्याल्याला माणूस मी बघितला न्हाय, तरीबी खोटं बोलायला तयार न्हाय.

संघप्रिया आली. ह्यानं उभं ऱ्हाऊन सांगितलं. "बाळ, तुला न विचारता मी विंडोज घातलं. तुझं सगळं गेलं. दुकानदारानं विचारलं हुतं, मीच व्हय म्हणालो."

तिनं लॅपटॉप उघडला. बघितलं. वरडली न्हाय, तेच लई वंगाळ वाटलं. मग म्हणाली, "मला का न्हाय विचारलं, आप्पा?"

"भ्या वाटत हुतं, बाळ."

"तुमचं भ्याच मला भ्या घालतंय!" आता मातूर पोरगी फुटली. "रोज सकाळी दारात उभं ऱ्हाऊन सांगता. रिक्षात कडंला बसू नको. जिना जपून उतर. सरांस्नी उलट बोलू नको. बॅग पोटाशी धर. कॉलेजात जाईस्तवर माझंच हातपाय गार पडत्यात. मला येत असतंय आप्पा, सगळं येत असतंय, आणि तुमचा आवाज कानात आला की बोबडी वळती!"

भाऊसोनं लॅपटॉप मिटून तिच्या बॅगेत घातला.

अक्षताकडं प्रोजेक्टची जुनी, अर्धीमुर्धी कॉपी हुती. पोरगी कपडे घेऊन तिच्याकडंच ऱ्हायला गेली. पुन्ना लिनक्स घातलं, ऱ्हायल्यालं पुन्ना लिवलं. ती तिकडं हुती तवर ह्यानं फोन करू का म्हणून मला इतक्यांदा विचारलं, आणि एकदाबी केला न्हाय.

परीक्षेच्या सकाळी ती कापडं बदलायला घरी आली. पास झाली ती, मार्क पडायचं तेवढं पडलं न्हाईत, तरी झाली. पण मला सांगायचंय ते सकाळचं. ती दारातनं निघाली. पाठीवर बॅग. भाऊसो उंबऱ्यात उभा. त्याचं तोंड उघडलं. रिक्षा, जिना, बॅग, सगळं जिभंवर आल्यालं मला दिसत हुतं. पण म्हणाला एवढंच, "ये जाऊन."

ती थांबली. त्याच्याकडं बघितलं, आणि गेली.

ती वळणाआड गेली. तवा ह्यो पायरीवर बसला. मी पाणी आणलं, तर तांब्या धरवंना. रस वतणारा हात तो! मग हळूच बोलाय लागला. "आक्के, रिक्षा उलटली तर? बॅटरी संपली तर? परीक्षक घालूनपाडून बोलला तर? जिन्यात पाय..." एकेक करून सगळं मला सांगितलं. जलमभर मी त्याला गप बस म्हणत आले. त्या सकाळी मी त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "आणि? आणखी काय?"