देवानं स्वप्नात दिलेली चाल
बुक्क्याचा वास आला की मला माझे धाकटे चुलते आठवतात. ते गावात भजन करायचे, लोक त्यांना बुवा म्हणायचे. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती तेव्हा, चौथीत असताना, मी भिंगारला मामाकडे राहून आले. मामाच्या घरामागेच सिनेमाचा तंबू होता, त्यामुळे तिथे लागलेल्या सिनेमाचं मुख्य गाणं मला बाहेरूनच पाठ झालं. घरी शेण काढताना मी ते म्हणत होते, तर चुलते म्हणाले, “परत म्हन बघू, सावकाश.” आठवडाभर त्यांनी माझ्याकडून चाल घोटून घेतली. एकादशीला तिच्यावर अभंग म्हटला आणि देऊळ डोलायला लागलं. चाल कुठली, असं लोकांनी विचारलं तर म्हणाले, “देवानं सपनात दिली.” पंचक्रोशीतून बोलावणी यायला लागली. एकदा विहिरीवर मी मूळ शब्द म्हटले. बायका म्हणाल्या, “अगं, ही तर बुवांची चाल!” मी म्हटलं, “सिनेमातली हाय. मीच शिकवली त्यांना.” त्याच संध्याकाळी चुलते वडलांना म्हणाले, “दादा, शाळेनं पोरगी बिघडली. अभंगाच्या चालीवर सिनेमाची गानी म्हनती. घरी बसवा तिला.” मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते टाळ पुसत होते. माझी शाळा सुटली ती कायमचीच. पुढे जत्रेत तोच सिनेमा आला. गाणं लागताच लोक ओरडले, “आपल्या बुवांची चाल चोरली रं!” चुलते हात जोडून म्हणाले, “चोरू द्या. देवाची हाय, सगळ्यांची हाय.” आता देवळात त्यांचा फोटो आहे. भाचेसून म्हणते, “आत्याबाई, पाया पडा की.” मी म्हणते, गुडघे दुखतात. दुखतात हे खरं, पण कारण ते नाही.