गेरूत बुडालेली विहीर

आमच्या रिठदला भिंतीच्या पायथ्याशी गेरूचा लाल पट्टा नसला तर ती भिंत अनवाणी वाटते. आणि पट्टा ओढावा तो मनकर्णाबाईनंच. ना दोरी, ना पट्टी. चिंधीचा बोळा गेरूत बुडवायचा आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. मागून पाहावं तर पट्ट्याची वरची कड साचलेल्या पाण्यासारखी सपाट. मी पुष्कळ कारागीर पाहिले, पण त्या कडेसमोर अजूनही हात जोडावेसे वाटतात. बाई मात्र भारी फटकळ. कोणी कौतुकानं जवळ आलं की म्हणायची, "बाजूले हो, ओलं हाये."

चावडीच्या भिंतीवर मात्र हा पट्टा मधेच तुटतो. नवखा माणूस म्हणतो, गेरू संपला असेल. त्याला काय ठाऊक!

छत्तीस सालची गोष्ट. होळीच्या सुमारास शाळेच्या रामकिसन मास्तरांनी त्या भिंतीवर डांबराचे दोन काळे खांब काढले. गावात विहिरी दोन, एक वरच्या आळीची, एक खालच्या आळीची. मास्तरांनी दगड बांधलेला दोर दोन्हींत सोडून पाणी मापलं. वरच्या विहिरीत पाच परस, खालच्या विहिरीत चार. हात उंच करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. परसाला वीत धरून मास्तरांनी जमिनीपासून खांब चढवले, एक पाच वितींचा, दुसरा चार वितींचा. गाव हरखून गेलं. विहिरीत डोकावलं तर नुसतं पाण्याचं तोंड दिसतं. इथे अख्खं पाणी बाहेर काढून भिंतीला टेकवलं होतं! म्हातारे मुद्दाम यायचे आणि खांबावर तळवा ठेवून उभे राहायचे. लवकरच मास्तरांची बदली मंगरूळला झाली, खांब तेवढे आमच्याकडे राहिले.

पाडव्याला चावडीला चुना लागला. चुना खांब तेवढे सोडून लावला होता. मग मनकर्णाबाईनं तिचा नेहमीचा साडेतीन विती उंचीचा पट्टा ओढला. खांबांचे पाय गेरूखाली गेले. पायथा गेरूचाच असतो, त्यात खटकण्यासारखं तिला काही वाटलं नाही आणि आम्हालाही नाही.

उन्हाळा तापला तशी वरच्या विहिरीची बांधणी ढासळू लागली. दगड हवे होते. जगदेव पाटलांनी चावडीवर गाव जमवलं. पाटील माणूस सरळ, कोणाचं वाईट चिंतणारा नव्हे. त्यांनी काठीनं भिंत दाखवली. पट्ट्याच्या वर एक खांब दीड वीत दिसत होता, दुसरा जेमतेम अर्धी वीत.

"पाहा ना, वरच्या विहिरीत तिप्पट पाणी हाये," पाटील म्हणाले. "खालची तर आटून राह्यली. तिचे दगड काढून वर लावू अन् तिले बुजवून टाकू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. खालच्या आळीच्या माणसांनीसुद्धा. मनकर्णाबाई स्वतः त्याच विहिरीचं पाणी प्यायची, तरी तिनंही भिंतीवर विश्वास ठेवला. मला आजही याचंच नवल वाटतं. रोज ज्या पाण्यानं तोंड धुतो, त्याच्यापेक्षा भिंतीवरचं काळं बोट खरं वाटलं!

खालच्या विहिरीला लागून सुलतानबीचं घर. म्हातारीचा खुबा मोडलेला. भिंतीला धरून कशीबशी विहिरीपर्यंत जायची, पण स्वतःचं पाणी स्वतः काढायची. वरच्या आळीचा चढ तिला या जन्मी चढता येणार नव्हता. "आजवर कोनाले पानी मांगलं नाई, आता मांगा लागन," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मातीनं भरलेल्या गाड्या विहिरीशी येऊन थांबल्या. सुलतानबी शेवटची कळशी भरायला गेली आणि गाठ सैल पडून कळशी दोरातून सुटली ती तळाला. पाणी भरायला आलेल्या मनकर्णाबाईनं दोराला गळ बांधून खाली सोडला. आता टेकेल म्हणते तोवर दोर खाली, आणखी खाली. कळशी वर आली. ओला दोर तिनं अंगणात पसरला. हात उंच केलेली चार माणसं एकापुढे एक झोपतील एवढा तो भिजला होता.

"या अल्ला," सुलतानबी म्हणाली, "रातीतून पानी वाढलं! पीरबाबाची मेहेर!"

मनकर्णाबाईनंही हात जोडले. हा चमत्कार गावाला दाखवावा म्हणून ती दोर खांद्यावर टाकून चावडीकडे धावली, आणि भिंतीसमोर येऊन एकदम थांबली. खांब जिथे तुटत होते, तिथे तिच्याच हातची कड होती. सपाट, सुंदर, चुकूनही वरखाली न झालेली.

तिनं पदराचं टोक चावडीच्या रांजणात भिजवलं आणि पट्टा घासायला सुरुवात केली. पाटील धावत आले.

"काकी, सणाचा गेरू पुसून राह्यल्या! काहून?"

"गेरू नाई, पाटील. पाणी काढून राह्यली. म्याच लिपलं होतं."

गेरू ओघळत गेला आणि डांबराचे खांब खाली उतरत गेले, थेट जमिनीपर्यंत. मघाचं बुटकं बोट थोरल्या खांबाच्या खांद्याला लागून उभं राहिलं. पाटलांनी आधी एका खांबाला हात लावला, मग दुसऱ्याला. मग वितीवर वीत ठेवून दोन्ही मोजले, पाच आणि चार. एवढ्याशा लाल मातीत एक विहीर बुडते, हे आम्ही सगळे पाहत होतो.

"गाड्या माघारी घ्या," पाटील म्हणाले.

मनकर्णाबाई परत विहिरीवर आली तेव्हा कोपरापर्यंत लाल झाली होती. आयुष्यभर कोणाला न जुमानलेली ती बाई रडत होती.

"माह्याच हातानं तुही विहीर बुजली असती गं, सुलतानबी."

सुलतानबीनं तीच कळशी तिरपी धरली.

"पैले हात धू," ती म्हणाली. "धू चांगले. पानी बहुत हाये."