आबांच्या दोन पट्ट्या

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. शिरोलीच्या ज्या फाउंड्रीत माझे वडील, म्हणजे आबा, पंचवीस वर्षं ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, बनवत होते, तिथलंच कॉम्प्युटरचं काम माझ्या वाट्याला आलं. आबांनी आदल्या दिवशीच बजावलं, "माझी वळख सांगू नगंस. काम चालू दे, मग सांग." पोरगी वशिल्यानं आली असं कुणी म्हणू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. मला मात्र ते गप्प बसणं फार जड गेलं.

फॉर्म, मेनू, छपाई यांचा एक सांगाडा मला सी भाषेत लिहायचा होता. पुढचे सगळे प्रोग्राम त्यावर बसणार होते. पण मशीनं दोन जातींची. ऑफिसात डॉसचा पीसी, स्टोअरमध्ये युनिक्स. पीसीवर गुणी बाळासारखा चालणारा सांगाडा युनिक्सवर बसेना. मग मी शहाणीनं त्याच्या दोन वेगळ्या प्रती केल्या. एकीत केलेली दुरुस्ती दुसरीत हमखास राहून जाई. शेवटी मॅनेजरसाहेबांनी सांगून टाकलं, शनिवारपर्यंत दोन्हीकडे चाललं नाही तर पुण्याची माणसं बोलावतो.

गुरुवारी सकाळी भाकरी खाताना मी सगळा राग आबांपुढं काढला. त्यांनी हात धुतले आणि पिशवीतून दोन पट्ट्या काढून शेजारीशेजारी ठेवल्या. दोन्हींवर आकडे एका फुटाचेच, पण एक पट्टी किंचित लांब. धातू गार होताना आकसतो, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. बीडाचं लोखंड कमी आकसतं, ॲल्युमिनियम जास्त, म्हणून पट्ट्या दोन. लहानपणी त्याच पट्ट्यांनी मी वहीत रेघा मारल्या होत्या.

"ड्रॉइंगला हात लावायचा न्हाय," आबा म्हणाले. "वतायचं काय ते बगायचं आन् पट्टी बदलायची."

काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! आम्ही लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देतो तो कंपायलर. त्याला हुकूम देताना शेवटी दोन-चार अक्षरं जोडतात, ते फ्लॅग. मी एक प्रत पुसून टाकली. दोन मशीनच्या वेगळ्या ओळी उरलेल्या प्रतीतच लिहिल्या आणि त्यातल्या कुठल्या घ्यायच्या ते फ्लॅगवर सोपवलं. पीसीला मेमरी मोठी धरायचा एक फ्लॅग जादा. दोन्ही हुकूम कागदावर लिहून ज्या त्या मशीनला चिकटवले.

शनिवारी दोन्हीकडे एकच फॉर्म उमटला. साहेबांनी विचारलं, यातली खरी प्रत कुठली? मी म्हटलं, ड्रॉइंग एकच आहे, पट्टी वेगळी. ही तर आमच्या पॅटर्न शॉपची भाषा, साहेब हसून म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं. "तिथल्या मिस्त्रींची मुलगी मी."

साहेबांनी आबांना वर बोलावलं आणि स्वतः खुर्ची पुढं केली. आबा बसले नाहीत. हातावरचा भुसा झटकून त्यांनी आधी ऑफिसातल्या पीसीचा पडदा पाहिला, मग स्टोअरमध्ये जाऊन तिथला.

"आकसलं न्हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"न्हाय आबा. मापात हाय."